उजव्या कानात उरलेला आवाज

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन, करून घ्यावं का, हे विचारायला अधूनमधून लोक माझ्याकडे येतात. कोणी ओळखीतून येतं, कोणाला कान तपासणाऱ्या मॅडमनी पाठवलेलं असतं. माझ्या डोक्याला उजव्या बाजूनं चिकटलेली चकती बघतात, तिथून खिशातल्या डबीपर्यंत गेलेली वायर बघतात आणि विचारतात, "फायदा झाला का?"

मी कारखान्यात तपासणी खात्यात होतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही अंगातली सवय. या प्रश्नाचं मोजलेलं उत्तर मात्र माझ्याजवळ नाही. म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहितो. ज्याला ठरवायचं आहे त्यानं वाचावं आणि आपलं आपण ठरवावं.

शिट्टी

वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. आमची तिकडची थोडी कोरडवाहू जमीन त्यातच गेली. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मेंढरं घेऊन पडेगावच्या माळावर आले. मी आधी चिकलठाण्याला कामाला होतो, मग वाळूजच्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून लागलो. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं. शेजारीच प्रेस शॉप, त्यामुळं दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज.

त्याच काळात मला टीबी झाला. संध्याकाळचा ताप, खोकला, उतरलेलं वजन. इंजेक्शनं सुरू झाली. काही महिन्यांनी खोकला थांबला, अंगावर मांस आलं. कानात मात्र बारीक शिट्टी वाजायला लागली.

माझ्या खात्यात गौतम होता, माझा जिवाभावाचा मित्र. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तुझ्या कानात नुसती शिट्टी? माझ्या कानात अख्खी बँड पार्टी बसलीय. प्रेस शॉपशेजारी बसून कान शांत ठेवायचे म्हणतोस का?"

खरंच होतं ते. आमच्यातल्या प्रत्येकाच्या कानात काही ना काही वाजायचं. सुट्टीच्या दिवशी कमी व्हायचं, सोमवारी पुन्हा सुरू. म्हणून खोकला डॉक्टरांचा आणि शिट्टी कारखान्याची, अशी मी मनाशी वाटणी करून टाकली. तपासायला गेलो की खोकल्याचं, भुकेचं, वजनाचं नीट सांगायचो. शिट्टीचं कधी बोललोच नाही. इंजेक्शन आणि कान यांचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग चालताना तोल जायला लागला. अंधारात भिंत धरावी लागे. गल्लीत एकदोघांनी मी पिऊन आलो असं समजून तोंडं फिरवली.

एका रविवारी माझी बायको, सुलोचना, नळावर गेली होती. जाताना कुकरकडं लक्ष ठेवायला सांगून गेली. मी स्टोव्हजवळच पेपर वाचत बसलो. ती धावत आली तेव्हा घरभर करपल्याचा वास होता. तिनं धडपडत स्टोव्ह बंद केला आणि विचारलं, "शिट्ट्या झाल्या तरी बसून काय राहिलात?"

"शिट्टी झालीच नाही," मी म्हणालो.

तिला त्या नळापर्यंत ऐकू आल्या होत्या.

तपासणी

काचेची खिडकी असलेल्या एका बंद खोलीत मला बसवलं. कानावर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. काचेपलीकडं मॅडम बटणं दाबत होत्या. मी बोट वर करायला तयार बसलो होतो आणि काहीच येत नव्हतं. परीक्षेला बसलेल्या मुलाला कोरी प्रश्नपत्रिका मिळावी तसं झालं. मधेच एक जाड घुमणारा आवाज आला, तेवढ्याला बोट उचललं.

मॅडमनी कागदावरचे ठिपके दाखवले. डावा कान माझा लहानपणापासूनच वाहायचा, तो संपलेलाच होता. उजव्या कानात जाड आवाजांचे दोन-तीन ठिपके जरा वर होते. पुढं बारीक आवाजांकडं जावं तसे ते खाली खाली गेले होते. कागदाच्या तळापर्यंत.

"हे वर येतील का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग कागदावर लिहून दिलं, की टीबीच्या इंजेक्शनांनी काही जणांना असं होतं. औषधानं जीव वाचला हेही खरं. त्यांनी हे दुसरं वाक्य अधोरेखित केलं होतं. त्यांचा हेतू चांगला होता.

सुलोचना बाहेर बसली होती. रिक्षात तिनं माझा हात धरून ठेवला. लोकांसमोर तिनं असं कधी केलं नव्हतं.

कोण ऐकू येतं, कोण नाही

ऐकू यावं म्हणून खिशात ठेवायचं मशीन आणि कानात घालायचं बटण मिळालं. त्यानं काय येतं आणि काय येत नाही, हे मी घरात एकेकाला बोलायला लावून पाहिलं.

सुलोचनाचं बोलणं म्हणजे लांबून वाऱ्याचा आवाज यावा तसं. आमची एकुलती मुलगी वर्षा तेव्हा दुसरीत होती. तिचा आवाज अजिबात येत नव्हता. ती "बाबा" म्हणायची आणि मला फक्त ओठ मिटून उघडलेले दिसायचे. मामा, बाबा, पापा, ओठांवर सगळं सारखंच असतं, हे बहिरा झाल्यावर कळलं.

संध्याकाळी आबा जेवायला आले. दारातूनच म्हणाले, "दत्ता, जेवलास का रं?"

मला ऐकू आलं.

शब्द काठाकाठानं फाटलेले होते, पण आवाज त्यांचाच होता. आबांचा आवाज फार खोल. माळाच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारण्यात आयुष्य गेलेलं. आणि लहानपणापासून त्यांचं बोलणं माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की निम्मा शब्द आला तरी उरलेला मी भरून घेत होतो. दुसऱ्या कोणाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. आबांचे ओठ तर मिशीखाली झाकलेले, ते दिसायचेच नाहीत. पण त्यांच्यापुरतं मला ओठांची गरज नव्हती.

तेव्हापासून रोजचा एक नेम झाला. जेवण झालं की आबा अंगणात बसून बोलायचे आणि मी ऐकायचो. कोणती मेंढी लंगडते, पडेगावच्या माळावर कोणी कुंपण घातलं, पाणी कुठं उरलंय. बाकी घर पाटीवर लिहून माझ्याशी बोलायचं. वर्षाची शाळेची पाटी नेहमी माझ्या खुर्चीला टांगलेली असे.

अशी काही वर्षं गेली. वर्षा मोठी झाली. तिचा आवाज बदलला असेल. माझ्याजवळ दुसरीतल्या मुलीचाच होता.

शहागंज

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा पुन्हा पेटला होता. कधी मोर्चा, कधी बंद. कारखान्याची बस कधी यायची, कधी अर्ध्या रस्त्यातून परत जायची. गौतम त्या लढ्यात तरुणपणापासून होता. त्याचे पुष्कळ दिवस मोर्च्यात गेले होते.

अशाच एका दिवशी मी मशीनचे सेल घ्यायला शहागंजला गेलो होतो. येताना बघतो तर दुकानांची शटरं पडत होती, माणसं पळत होती. मला वाटलं आपणही भराभर चालावं. मागून पोलीस ओरडत होता, हे मला माहीतच नव्हतं. कोणीतरी खांदा धरून मला फिरवलं. समोर उगारलेली काठी. आणि बाजूच्या घड्याळाच्या दुकानातला म्हातारा दोन्ही हात पसरून मधे आलेला. तो स्वतःच्या कानाला बोट लावून जीव तोडून काही सांगत होता.

काठी खाली आली नाही. म्हाताऱ्यानं मला दुकानात ओढलं, पाणी दिलं आणि बिलाच्या कागदामागं हिंदीत लिहिलं, 'पुलिस रुको बोल रहा था. मैंने बोला साब, बहिरा है, सुनता नै.'

बहिरा. घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. मी कागद घडी करून खिशात ठेवला. ते ऐकून सुलोचनानं दोन दिवस मला बाहेर जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, 'मॅडम म्हणतात ते ऑपरेशन मुंबईत होतं. विचारून तरी येऊ.'

मुंबईचे डॉक्टर

डॉक्टर चांगले होते. माझ्याकडं तोंड करून, सावकाश बोलायचे. या ऑपरेशनात कानाच्या आतल्या शंखासारख्या पोकळीत एक बारीक तार सरकवतात. माझ्या डाव्या कानातल्या त्या पोकळीत हाड भरलं होतं, तिथं तार सरकणार नव्हती. करायचं तर उजव्याच कानात.

"उजव्यात आत्ता जे ऐकू येतं, त्याचं काय होईल?" मी विचारलं.

त्यांनी माझा कागद पाहिला. म्हणाले, "ते जाईल. पण ते ऐकणं म्हणावं इतकं नाहीच."

"नवीन किती ऐकू येईल? टक्क्यांत सांगा."

"टक्क्यांत नाही सांगता येत. शब्द कळायला लागतील अशी आशा आहे. पण तुमच्या आठवणीतले आवाज तसेच्या तसे येणार नाहीत. ते वेगळं ऐकणं असतं, नव्यानं शिकावं लागतं."

पैशाची सोय जमिनीच्या मोबदल्यातून होणार होती. तो प्रश्न नव्हता. त्या कागदावरच्या दोन-तीन ठिपक्यांना डॉक्टर काही धरत नव्हते, आणि माझ्या दृष्टीनं ते ठिपके म्हणजे आबा होते. सुलोचना आणि वर्षा मिळतील न मिळतील, आबा नक्की जाणार होते.

घरी आल्यावर मी सुलोचनाला सांगितलं, "आबा आहेत तोवर मी हे करणार नाही."

ती भांडी घासत होती. हात थांबले. पाटी घेऊन तिनं लिहिलं, 'आणि आम्ही?' मग लगेच तळव्यानं पुसून टाकलं. मी वाचलं नाही असं दाखवलं.

उरलेलंही गेलं

त्यानंतर काही आठवड्यांनी विद्यापीठाला नाव लागलं. गौतम पेढे घेऊन आला. दारातच त्यानं मला मिठी मारली. त्याचे ओठ वाचायची गरज नव्हती. "नाव लागलं, दत्ता!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रस्त्यानं ढोल वाजवत मंडळी चालली होती. तो मला बाहेर घेऊन गेला. ढोलाचा घुमारा माझ्या उजव्या कानात नीट उतरत होता. मी त्याला तसं सांगितलं, तर त्यानं ढोलवाल्याला हात करून माझ्यापुढंच थांबवलं आणि खूण केली, वाजव, अजून वाजव.

त्या संध्याकाळी आबा जेवायला आले. मिशी हलली, पण मला काही ऐकू आलं नाही. वाटलं, ढोलानं कान बधिर झाला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मी सेल बदलले, बटण पुसलं, मशीनचा आवाज पूर्ण वाढवला. आबा समोर बसून हातवारे करत बोलत होते, मिशी हलत होती आणि माझ्या कानात काही नव्हतं.

"आबा, मोठ्यानं बोला."

त्यांनी तोंड आणखी मोठं उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. काही नाही.

मी उठून मागच्या बाजूला गेलो आणि न्हाणीघराच्या दारात बसून राहिलो. इतकी वर्षं बहिरा होतो, पण माणसांतून उठलो असं तोवर वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

पुढं आबा खुणांवर आले. मेंढपाळांना ते शिकवावं लागत नाही. माळावर लांबच्या सोबत्याला काठी आडवी धरून थांब म्हणतात, घोंगडी काठीवर उंच करून ये म्हणतात. आबा अंगणात बसून तसल्याच खुणा करायचे. मला त्या सगळ्या कळायच्या. मला त्या नको होत्या.

आता धरून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी मुंबईला कळवलं, ऑपरेशन करायचं आहे.

काही फरक नाही

ऑपरेशनआधी कानाची नवी तपासणी हवी होती. पुन्हा तीच बंद खोली, तेच हेडफोन. आता एकही आवाज येणार नाही असं धरून बसलो होतो. जाड घुमणारा आवाज आला. पुन्हा आला. मी बोट वर केलं.

मॅडमनी जुना आणि नवा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. ठिपक्यावर ठिपका बसत होता.

"काही फरक नाही," त्या म्हणाल्या. "आहे तसंच आहे."

"असं कसं? वडिलांचा आवाज येत होता, तो बंद झाला." मला वाटलं त्यांच्या यंत्राचं माप चुकलंय. कारखान्यात मी हेच आधी तपासलं असतं. "तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या."

त्या हसल्या नाहीत. तिथला जाड आवाजाचा शिपाई बोलावून त्यांनी त्याला माझ्या मागं उभं केलं. तो काहीतरी बोलला. शब्द नाही कळले, पण आवाज आला. जाड, स्पष्ट, पूर्वी आबांचा यायचा तसा.

मी सुलोचनाकडं वळलो. ती फरशीकडं बघत होती.

"सुलोचना."

तिनं वर पाहिलं. ओठ थरथरत होते, त्यामुळं वाचायला वेळ लागला. "मामांनी शपथ घातली होती. वर्षाच्या गळ्याची." मामा म्हणजे आबाच, आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

आबा रोज माझ्यासमोर बसून आवाज न काढता तोंड हलवत होते. सुलोचना आणि वर्षा शेजारी बसून ते बघत होत्या.

घरी येऊन मी ओरडलो. किती मोठ्यानं, ते मला कळलं नाही. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा थांबलो. मी तिघांवर विश्वास ठेवतो आणि तिघं मिळून मला फसवतात, असं काहीबाही बोललो. वर्षा रडत आत गेली आणि पाटी घेऊन आली. तिनं लिहिलं, 'पहिल्या दिवशी मला हसू आलं. मग नाही आलं. आबा घराबाहेर जाऊन खोकायचे, तुम्हाला खोकला ऐकू येऊ नये म्हणून.'

माळावर

मी तसाच आबांकडं गेलो. दिवस मावळायला आला होता. मेंढ्या चरून परत आल्या होत्या आणि आबा डालग्यांच्या टोपल्यांखाली कोंडलेली कोकरं सोडत होते.

"आबा, बोला."

त्यांनी मिशी हलवली.

"आवाज काढून बोला. तपासणीत कळलंय सगळं."

ते खाली बसले, काठी आडवी टाकली.

"सुनबाईनं सांगितलं व्हय?"

आवाज आला. तोच. मी तिथंच मातीत बसलो.

"यंत्रानं सांगितलं."

"लई बेकार हाय तुझं यंत्र."

"कामून केलंत हे?"

"तू कामून नाय म्हणालास? माझ्या आवाजापायी?" ते माझ्या कानाशी वाकून, थांबत थांबत बोलत होते. "मी अजून किती दिस हाय? जाताना माझा आवाज मी घेऊनच जाणार की. मंग तू काय ऐकत बसणार? पोरीला जवळ कर की जरा."

त्यांनी कोकरांकडं हात केला. शेपन्नास मेंढ्यांत कोकरं तोंड वर करून पळत होती. एकेक आपापल्या मेंढीपाशी जाऊन थांबत होतं.

"बघ. डोळ्यानं नाय हुडकत ती. माय वरडती, त्यावरनं हुडकत्यात. अन् तुझी पोर मागून हाक मारती, एकदा, दोनदा, तीनदा. तू मान वळवीत नायस. मंग ती गुमान पाटी घ्यायला जाती. मी बघतो ना रोज. मला नाय बघवत."

अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. मी म्हणालो, "जातो मी मुंबईला. पण जाईपर्यंत बोलत राहा. थांबू नका."

"काय बोलू?"

"काहीपण."

आबांना सुचेना. त्यांनी घसा खाकरला. मग उन्हाळ्यात मेंढरं घेऊन जायच्या वाटेवरचे मुक्काम सांगायला लागले. दौलताबादचा पायथा, पुढं फुलंब्री, सिल्लोड, फर्दापूर. कुठं विहिरीचा मालक चांगला, कुठं कुत्री वाईट, फर्दापूरला एका गोऱ्या पाहुण्यानं मेंढीसोबत फोटो काढला आणि मेंढीनं त्याची टोपी खाल्ली. पुढचे सगळे दिवस ते रोज येऊन तीच वाट सांगत होते. शेवटी शेवटी त्यांचा घसा बसला. मी त्यांना थांबवलं नाही.

वॉर्ड

ऑपरेशनचं फार सांगत नाही. अर्धं डोकं भादरलं. शुद्धीवर आलो तेव्हा खोली फिरत होती आणि उलट्या थांबत नव्हत्या. उजव्या कानात काही नव्हतं. घुमारासुद्धा नाही. मी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बोटं आपटून पाहिली. मग पुन्हा पाहिलं नाही.

रात्रपाळीला एक मल्याळी सिस्टर होती. अंधारात बहिऱ्या माणसाशी बोलता येत नाही, हे तिला कोणी सांगितलं होतं का माहीत नाही. माझ्याजवळ आली की ती आधी टॉर्चचा उजेड स्वतःच्या तोंडावर पाडायची आणि मग विचारायची, "पानी?" अशी माणसं भेटतात. ज्यांना दवाखान्यात राहायचंय त्यांनी हेही हिशेबात धरावं.

जखम भरेपर्यंत यंत्र चालू करत नाहीत. तो काळ मला सगळ्यात कठीण गेला. जुनं गेलेलं, नवं आलेलं नाही.

यंत्र चालू केलं त्या दिवशी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज आला. सुलोचना बोलली, खडे. डॉक्टर बोलले, खडे. मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, "हे मापात नाही." ते म्हणाले, "थांबा."

थांबलो. वर्षा रोज शाळेतून आली की माझ्या मागं बसून शब्द म्हणायची आणि मी ओळखायचो. चुकलो की ती पाठीवर चापट मारायची. "आंबा म्हटलं मी! थांबा काय थांबा!" काही महिन्यांनी खड्यांतून शब्द सुटे व्हायला लागले. एके दिवशी मी पेपर वाचत होतो आणि मागून आलं, "बाबा, चहा." मी मान वळवली. तिच्या हातातली बशी कलंडली.

तिचा आवाज असा आहे की नाही मला माहीत नाही. ताडून बघायला माझ्याजवळ दुसरा नाही. म्हणून हाच तिचा आवाज, असं मी धरलं आणि ते धरता आलं.

आबांच्या बाबतीत ते जमलं नाही. या यंत्रात जाड-बारीक कळत नाही. आबा, सुलोचना, दूधवाला, रेडिओ, सगळे एकाच नळातून आल्यासारखे. आबा बोलायचे आणि कोणीतरी पत्रा वाजवून त्यांचं वाक्य मला कळवतंय असं वाटायचं.

त्यांनी बरेच दिवस विचारलं नाही. एकदा अंगणात जेवण झाल्यावर म्हणाले, "आता माझा आवाज कसा येतो रं?"

खोटं बोलायची ती वेळ होती. मला जमलं नाही. "शब्द कळतात, आबा. आवाज तुमचा नाही."

"शब्द सगळे कळत्यात?"

"बहुतेक."

"मंग आवाजाचं काय लोणचं घालायचंय?" ते हसले. मग फेटा सोडला आणि पुन्हा बांधायला घेतला. बांधलेला चांगला होता.

विचारणाऱ्यांना

आबा त्यानंतर काही वर्षांनी गेले. शेवटच्या दुखण्यात ते माझ्याशी पुष्कळ बोलले आणि मला सगळं कळलं. ते यंत्रामुळंच. हे मी विचारायला येणाऱ्यांना सांगतो. रस्त्यावर कोणी थांब म्हटलं तर मी थांबतो, मुलगी हाक मारते तर वळतो, हेही सांगतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना सांगितली. मला वाटलं होतं, कान गेला तरी आठवणीतला आवाज राहील. तो राहिला नाही. यंत्रातला रोज ऐकून ऐकून जुना त्याखाली दबून गेला. आता आबा आठवले की तेही खडखडतच बोलतात.

मागच्या दिवाळीला वर्षा माहेरी आली होती. अंगणात बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, आबा तुम्हाला माळावरून हाक कशी मारायचे हो? मला नीट आठवत नाही."

मी म्हणालो, मलाही आठवत नाही. ती म्हणाली, मारून तर बघा. मी छाती भरून श्वास घेतला, मान त्यांच्यासारखी थोडी मागं टाकली आणि माझंच नाव घेऊन ओरडलो.

"दत्ताऽऽ!"

मला नुसता डबा वाजल्यासारखा ऐकू आला. मी हसून वर्षाला सांगणार होतो, की काही जमलं नाही. पण तिनं तोंडावर हात ठेवला होता. आणि स्वयंपाकघरातून सुलोचना लगबगीनं बाहेर आली, पिठाच्या हातानं डोक्यावर पदर ओढून घेत.